रत्नागिरी शहर: पाहुण्यांना थिबा पॅलेस आणि भगवती किल्ल्याच्या पुढे काय सांगायचं?

बदलीवाला_परभणीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा परभणीचा, नोकरीत बदली होऊन रत्नागिरीत आलोय. समुद्र लहानपणी फक्त भूगोलाच्या पुस्तकात बघितलेला त्यामुळे इथे आल्यापासून रोज संध्याकाळी मांडवीला जाऊन बसतो, ते आपलं झालंच. पण प्रॉब्लेम असा की बदली कोकणात झाली म्हटल्यावर सगळे नातेवाईक, मित्र, मित्रांचे साडू, सगळ्यांना अचानक माझी आठवण यायला लागलीय आणि दर सुट्टीला कुणीतरी हजर. मग मी त्यांना घेऊन थिबा पॅलेस, भगवती किल्ला, टिळकांचं घर, संध्याकाळी मांडवी आणि रात्री सुरमई. थिबा पॅलेसवर मला फक्त एवढंच सांगता येतं की "इथे ब्रह्मदेशाचा राजा होता, त्याला इंग्रजांनी ठेवलेलं". का ठेवलेलं? इथेच का? पुढे त्याचं काय झालं? पाहुणे विचारतात आणि मी म्हणतो चला आता जेवायला उशीर होतोय.

तर मला जाणकारांकडून हवंय ते असं, की शहराचा इतिहास जरा एका सूत्रात सांगता येईल असा, नुसती तारखांची यादी नको. आणि टिळक, सावरकर, थिबा सोडून या गावातली मोठी माणसं कोण? इथले लोक चहाच्या टपरीवर खूप सांगतात पण प्रत्येकाचं वेगळं. पुस्तकं वाचेन पण आधी अंदाज यायला हवा कुठून सुरुवात करू.

---

मिऱ्याबंदर

परभणीकर, प्रश्न चांगला विचारलात, नाहीतर इथे लोक फक्त हापूसची पेटी कितीला आणि गणपतीपुळ्याला रूम मिळेल का एवढंच विचारतात.

सूत्र हवंय ना, मी तुम्हाला माझं सूत्र देतो, पटलं तर घ्या. रत्नागिरी हे माणसं ठेवायचं गाव. म्हणजे ज्याला मारता येत नाही आणि मोकळंही सोडता येत नाही त्याला इथे आणून ठेवायचं. का? नकाशा बघा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधे खाड्याच खाड्या. आजही तुम्हाला कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट चढावा लागतो. रेल्वे किती उशिरा आली तर कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला १९९८ च्या जानेवारीत. त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे बोट, आणि पावसाळ्यात बोटी बंद, की मग घाटातून धक्के खात. आलेला माणूस पळून जाणार कुठे?

आणि हे काही इंग्रजांनी शोधून काढलेलं नाही. पेशवाईतच सुरू झालं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला ते माहीत असेल. भाऊ पानिपतावर १७६१ ला मारले गेले पण पुण्यात कित्येकांना खात्री नव्हती, प्रत्यक्ष त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्यांना गेलेलं मानायला तयार नव्हत्या, त्यात हा सुखनिधान नावाचा माणूस मीच भाऊ म्हणून उभा राहिला. त्याला पकडला आणि ठेवला कुठे, तर रत्नागिरीच्या किल्ल्यात. आता गंमत बघा, १७७६ मध्ये इथला अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला खरे भाऊसाहेब म्हणून मोकळा केला! मग काय, बघता बघता फौज जमली, कोकणातली ठाणी भराभर त्याच्याकडे गेली, पुण्यात नाना फडणवीसांना घाम फुटला. शेवटी पेशव्यांच्या फौजेने मोडून काढला, तो आंग्र्यांच्या मुलखात गेला, तिथे सापडला आणि त्याच वर्षी त्याला पुण्यात मारला. किल्ल्यावर गेलात की पाहुण्यांना हा किस्सा सांगा, भगवतीचं दर्शन घेऊन आणि सेल्फी काढून लोक परत येतात, हे कुणाला माहीतच नसतं.

किल्ला तसा बहमनी काळापासूनचा म्हणतात, मग विजापूरकर, १६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांकडे आला, पुढे आंग्रे, मग पेशवे आणि १८१८ ला इंग्रज. इंग्रजांनी दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं आधी बाणकोटला ठेवलं होतं, ते १८२२ ला इकडे हलवलं. आजचं जे शहर आहे, म्हणजे कचेऱ्या, कोर्ट, जेल, शाळा, साहेबांचे बंगले, हे सगळं त्यानंतरचं. आधी इथे आळ्या, वाड्या आणि बंदर.

थिब्याचं मग लिहितो, जेवून येतो.

---

चाकरमानी_दादर

मिऱ्याबंदर यांचं सूत्र आवडलं, पण अर्धंच आहे. दुसरा अर्धा भाग असा की बाहेरची माणसं इथे आणून ठेवली आणि इथली माणसं बाहेर गेली म्हणून मोठी झाली. टिळकच घ्या. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म, वडील गंगाधरपंत शाळामास्तर, मूळ गाव दापोलीकडचं चिखलगाव. म्हणजे रत्नागिरीतलं ते घर काही टिळकांचा वडिलोपार्जित वाडा नव्हे, भाड्याचं बिऱ्हाड होतं, पाहुणे "वाडा किती मोठा होता हो टिळकांचा" म्हणाले तर हे सांगा. वडिलांची पुण्याला बदली झाली १८६६ ला, तेव्हा बाळ दहा वर्षांचा. (बदलीवाले तुम्ही एकटे नाही.)

आता ज्यांचं नाव तुम्ही टपरीवर ऐकलं असेल पण नीट कुणी सांगितलं नसेल ते भागोजीशेठ कीर. भंडारी समाजातले, रत्नागिरीत अत्यंत गरिबीत वाढलेले, शाळा जेमतेम, मुंबईला गेले, सुतारकामापासून सुरुवात करून मोठे बांधकाम कंत्राटदार झाले. दादरला शिवाजी पार्कची जी स्मशानभूमी आहे ना चैत्यभूमीच्या शेजारी, ती त्यांच्या नावाने आहे, जागा त्यांनीच दिलेली. मी रोज तिथून जातो, बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा भागोजी कीर कोण, एकाला सांगता येणार नाही.

रत्नागिरीत त्यांची दोन कामं तुम्हाला दाखवता येतील. एक किल्ल्याच्या बाजूला भागेश्वराचं मंदिर. दुसरं पतितपावन मंदिर, जे १९३१ च्या फेब्रुवारीत उघडलं. पैसा सगळा भागोजीशेठचा, कल्पना सावरकरांची. त्या काळी भंडाऱ्यांनासुद्धा देवळाच्या गाभाऱ्यात जाऊन पूजा करता येत नव्हती, मग महार-चांभारांची गोष्टच सोडा. विठ्ठल मंदिराच्या पायऱ्या कुणी कुठपर्यंत चढायच्या यावर गावात भांडणं झालेली. तर पतितपावन मंदिर जातीची अट न ठेवता सगळ्या हिंदूंना पूजेसाठी उघडं ठेवलं. आता ते मंदिर बघायला साधं आहे, शिल्पकाम वगैरे शोधायला गेलात तर निराश व्हाल, पण १९३१ हे साल मनात ठेवून बघा. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आदल्याच वर्षी सुरू झाला होता, तिथे रामाचं दार उघडत नव्हतं.

आणि दुसरे कीर, धनंजय कीर. लोक दोघांची गल्लत करतात म्हणून वेगळं सांगतोय. यांचा जन्म १९१३ चा, रत्नागिरीचाच. मुंबई महापालिकेत साधी कारकुनी करत करत इंग्रजीत चरित्रं लिहिली, आंबेडकर, सावरकर, टिळक, फुले, गांधी. बाबासाहेबांचं चरित्र १९५४ ला आलं, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आज जगभर कुणीही आंबेडकरांवर अभ्यास करायला बसला की त्याला कीरांचं पुस्तक उघडावंच लागतं. पद्मभूषण मिळालं १९७१ ला. तुम्ही विचार करा, सावरकर आणि आंबेडकर दोघांचं चरित्र तितक्याच आस्थेने लिहिणारा माणूस. आजच्या फेसबुकवर त्याला दोन्हीकडून शिव्या पडल्या असत्या.

---

गुहागरची_सई

केशवसुत राहिले की! मालगुंड. शिवाय धोंडो केशव कर्वे, साने गुरुजी, पां. वा. काणे, रँग्लर परांजपे... रत्नागिरी म्हणजे भारतरत्नांची खाण आहे 🙏

---

चाकरमानी_दादर

सई ताई, केशवसुत मान्य, मालगुंड गणपतीपुळ्याच्या वाटेवर शेजारीच आहे, पाहुणे तिकडे जातातच, दहा मिनिटं गाडी थांबवून स्मारक बघायला हरकत नाही. घर जपलंय, आत त्यांच्या कविता लावल्यात, ज्याला कवितेशी देणंघेणं नाही त्यालाही तो कौलारू परिसर आवडतो. पण बाकीची नावं जिल्ह्याची झाली, कर्वे मुरुडचे, परांजपे मुर्डीचे, साने गुरुजी पालगडचे, सगळी दापोलीकडची. परभणीकरांनी शहर विचारलंय. जिल्ह्याचं काढलं तर धागा आठवडाभर संपणार नाही आणि मग चिपळूणवाले येतील भांडायला.

---

मिऱ्याबंदर

जेवण झालं. थिबा.

थिबा मिन हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, राजधानी मंडाले, गादीवर आला १८७८ ला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी युद्ध पुकारलं, युद्ध कसलं, पंधरवड्यात आटोपलं. सागवान, माणकं आणि फ्रेंचांची भीती ही खरी कारणं. राजा राणीला बोटीत घालून आधी मद्रासला नेलं, आणि एप्रिल १८८६ मध्ये इथे आणलं. तेव्हा राजा तिशीच्या आतला. सोबत राणी सुपयालत, तिची बहीण धाकटी राणी, आणि मुली. एकूण चार राजकन्या, त्यातली तिसरी मद्रासला जन्मली आणि चौथी इथे रत्नागिरीत.

आता सगळ्यांचा गैरसमज असा की राजाला आणलं आणि पॅलेसमध्ये ठेवलं. नाही. पॅलेस बांधून झाला १९१० ला. चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांमध्ये राहत होतं, सरकारकडे पैसे वाढवून मागत होतं, अर्ज करत होतं, आणि सोबत आणलेले दागिने एकेक करून इथल्या सावकारांकडे आणि सराफांकडे जात होते. पॅलेसच्या आराखड्यात राजाने स्वतः लक्ष घातलं होतं. जागा बघा ना, भाट्याच्या खाडीच्या वर, टेकडीवर, समोर समुद्र. असं म्हणतात की राजा दुर्बिणीतून येणारीजाणारी गलबतं बघत बसायचा. राहायला मिळालं किती, तर सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये गेला. कधी परत मायदेशी पाऊल नाही.

आणि हे पाहुण्यांना नक्की सांगा. टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली १९०८ ला, त्यांना कुठे ठेवलं? मंडालेला. १९१४ पर्यंत. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, एकाच वेळी. इंग्रजाच्या डोक्यात नकाशा पक्का होता. दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेऊन ठेवलेलाच होता आधी.

---

पाखाडीवरची

राजाचं सगळे सांगतात. मला त्या बायकांचं सांगायचंय, कारण पॅलेसवर कुणी सांगत नाही आणि मला दरवेळी राग येतो.

सुपयालत राणी ही कडक बाई. मंडालेत तिच्या नावाने लोक थरथर कापायचे, इंग्रजी वर्तमानपत्रांनी तर तिला राक्षसीण करून टाकली होती. तिने इथे तेहतीस वर्षं काढली. नवरा गेल्यावर त्याला इथे पुरू देईना, तिला त्याचं पार्थिव मंडालेला न्यायचं होतं, सरकारने परवानगी दिली नाही. शेवटी १९१९ ला शिवाजीनगरात ती समाधी आहे तिथे ठेवलं, राजाला आणि आधी १९१२ ला वारलेल्या धाकट्या राणीला. त्याच वर्षी सुपयालत ब्रह्मदेशात परत गेली, पण मंडालेला नाही, रंगूनला ठेवलं, तिथे १९२५ ला गेली.

थोरल्या राजकन्येचं तर काय सांगू. राजवाड्यावर गोपाळ सावंत म्हणून दरवान होते, तिचं त्यांच्याशी जमलं, त्यांचं आधीच लग्न झालेलं. मुलगी झाली, टुटू. राजकन्या आईबरोबर परत गेली खरी पण तिकडे रमली नाही, इकडेच परत आली. गरिबीत राहिली, १९४७ ला रत्नागिरीतच वारली. म्हणजे देश स्वतंत्र होतोय त्याच वर्षी. आणि ती टुटू, राजाची सख्खी नात, इथेच वाढली, इथेच लग्न, मुलंबाळं, मराठी बोलणारी, आपल्यातलीच एक झाली, २००० साली गेली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी तिला बाजारात पाहिलेलं आहे. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या की तोंडावळा सोडला तर काही वेगळं वाटायचं नाही.

समाधीवर जा परभणीकर. पॅलेसवर गर्दी असते, समाधीवर कुणी नसतं. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले, तेव्हा आपल्या लोकांना कळलं की आपल्याकडे असं काही आहे. रस्ता विचारत जावं लागतं, "थिबाची समाधी" म्हटलं तर रिक्षावाले नेतात.

---

कोल्हापुरी_चप्पल

पॅलेसमध्ये आत काय बघायला आहे? मागे गेलो तेव्हा अर्धा बंद होता.

---

पाखाडीवरची

सरकारी संग्रहालय आहे, जुनी शिल्पं वगैरे. पण इमारतच बघा, लाल रंगाची, उतरती छपरं, लाकडी नक्षी आणि रंगीत काचांच्या खिडक्या. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. मधे बरीच वर्षं तिथे पॉलिटेक्निक भरायचं, राजाच्या दालनात पोरं इंजिनिअरिंग ड्रॉइंग काढत होती 😄

---

सत्यशोधक_७७

सगळं ठीक, पण सावरकरांचा विषय निघाला की नुसतं पतितपावन मंदिर सांगून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. ते इथे सुटकेच्या अटी मान्य करून राहिले हेही सांगा की पाहुण्यांना. का ते लपवायचं?

---

अंदमान_ते_अरबी

आलेच. कुठलाही धागा असो. सहभोजनं कुणी घातली, पोरांना शाळेत जातवार बसवायचं बंद करा म्हणून कोण फिरलं, ते आधी बोला मग अटी.

---

मिऱ्याबंदर

अहो थांबा दोघेही. इथे भांडण लागलं की मूळ प्रश्न विचारणारा पळून जातो, दरवेळी बघतोय.

जे आहे ते सरळ सांगूया. अंदमानातून १९२१ ला भारतात आणलं, त्यानंतर रत्नागिरीच्या तुरुंगात होते, मग येरवडा, आणि ६ जानेवारी १९२४ ला सुटका झाली ती अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही. मुदत पाच वर्षांची होती, वाढवत वाढवत १९३७ पर्यंत नेली. म्हणजे साडेतेरा वर्षांच्या आसपास. राजकारण बंद म्हटल्यावर जे केलं ते समाजकारण, सहभोजनं, मंदिर, सगळ्या जातींसाठी एक उपाहारगृह, भाषेचं काम. अटीही खऱ्या आणि कामही खरं, दोन्ही याच गावात झालं. पाहुण्यांना दोन्ही सांगा, त्यांचं मत ते बनवतील, मोठी माणसं आहेत.

आणि त्यात एक गोष्ट लोक विसरतात. मार्च १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीत आले होते आणि सावरकरांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. दोघांचं पटलं नाही, पटणारही नव्हतं, पण भेटले, बोलले. गांधींनी सभाही घेतली इथे, टिळकांच्या जन्मगावी आलो म्हणून. माझं सूत्र इथेही लागू पडतं बघा, सावरकर बाहेर जाऊ शकत नव्हते, मग ज्याला भेटायचं त्याला रत्नागिरीला यावं लागायचं. हेडगेवारही इथे जवळच शिरगावला त्यांना भेटून गेले ते संघ काढायच्या आधी.

तुरुंगात त्यांची कोठडी जपलेली आहे. जेल चालू आहे त्यामुळे परवानगीचं विचारून जा, असंच आत शिरायला तो काही मॉल नाही.

---

वाचनालयातला_उंदीर

उशिरा आलो. मंडळी, तुम्ही सगळ्यांनी राजे, कैदी आणि देवळं सांगितलीत, वाचणारी माणसं राहिली.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी. जरा विचार करा, पेशवाई बुडून दहा वर्षं झालेली, मराठीत छापील पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी, आणि इथे वाचनालय निघतं. अर्थात सुरुवातीला साहेब लोक आणि त्यांच्या कचेरीतले कारकून यांच्यासाठी, पण पुढे सगळ्यांचं झालं आणि अजून चालू आहे, नुसती पाटी नाही. पाहुण्यांमध्ये कुणी पुस्तकवेडा असेल तर घेऊन जा.

दुसरं, रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुण्याची भांडारकर संस्था सगळ्यांना माहीत, पण हा मालवणात जन्मलेला मुलगा शिकला रत्नागिरीच्या शाळेत, कारण वडील महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांची इकडे बदली झाली. पुढे त्याच गावात हायस्कूलचे हेडमास्तर होऊन आले. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ज्यावरून संस्कृत घोकलं ती पाठ्यपुस्तकं त्यांनी त्याच काळात लिहिली. म्हणजे आधी म्हटलं तसं इथून माणसं बाहेर जातात खरं, पण बदलीवर येणाऱ्यांनीही या गावाला खूप दिलंय. परभणीकर, जबाबदारी वाढली तुमची.

कॉलेज मात्र फार उशिरा आलं, १९४५ ला, आजचं गोगटे जोगळेकर. तोपर्यंत मॅट्रिक झालं की बोट पकडा आणि मुंबई नाहीतर पुणे. हुशार मुलगा गावात राहिलाच नाही याचं हेही एक साधं कारण आहे, उगाच कोकणी माणसाच्या स्वभावावर ढकलू नका.

---

राजिवडा_खलाशी

आणि बोटीवाले? दर्यावर जाणारे? का आम्ही इतिहासात नाय?

रत्नागिरी म्हणजे फक्त टिळक आळी नाय हो. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला, भाट्ये, मांडवी, मिऱ्या. राजिवड्यात आमच्या कोकणी मुसलमानांच्या पिढ्या गेल्या होडीवर. माझे आजोबा कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. आगबोट म्हणजे तुम्हाला वाटतं आली आणि धक्क्याला लागली, तसं नव्हतं. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मग पडाव घेऊन जायचं, त्यातून माणसं, पेट्या, कोंबड्या, म्हातारी, बाळंतीण सगळं उतरवून किनाऱ्यावर आणायचं. दर्या जरा खवळलेला असला की शिडीवरून पडावात पाय टाकायचा कधी हे खलाशी सांगणार, लाट वर आली की टाक, नाहीतर मधेच लोंबकळलास. मोठमोठे वकील, मामलेदार आमच्या आजोबांच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला लागलेत. त्यांची चरित्रं लिहिली गेली, खांद्याचं कोण लिहिणार.

तेव्हा सकाळी मिरकरवाड्याला जा. होड्या लागायच्या वेळेला. बांगडा, म्हाकूल, कोळंबी, पाट्या भरून लिलाव चालतो, बायकांचा आवाज ऐका, शेअर मार्केट झक मारेल. वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावणारे पाहुणे असतील तर त्यांना रात्री सुरमई देऊ नका.

---

मिऱ्याबंदर

खलाशीदादा शंभर टक्के. वाचायलाच एवढं बरं वाटलं. आणि पांढरा समुद्र विसरले सगळे. किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरी, त्या बाजूला लाटांनी एवढी धूप झाली की सगळीकडे बंधारा. २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज तिथे येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. म्हटलं ना, इथे आलेला सहजासहजी जात नाही 😄

---

बदलीवाला_परभणीकर

बापरे. मी दोन ओळींची अपेक्षा केली होती. सगळ्यांचे मनापासून आभार, तोतयाचं तर मला काहीच माहीत नव्हतं आणि पाखाडीवरच्या ताईंनी जे लिहिलं ते वाचून बायको म्हणाली की आधी समाधीवर जाऊ. पुढच्या शनिवारी मेहुणे येतायत, दोघं म्हातारे सासूसासरे आणि एक सहावीतली मुलगी. एका दिवसात काय काय होईल, क्रम सांगाल का? चढ कमी हवा, सासऱ्यांचे गुडघे.

---

पाखाडीवरची

सकाळी लवकर मिरकरवाडा, लिलाव बघा. तिथूनच किल्ल्यावर, गाडी बरीच वरपर्यंत जाते, पायऱ्या आहेत त्या सासरेबुवांनी सावकाश चढाव्या किंवा खालीच भागेश्वराला बसावं, तेही बघण्यासारखं आहे. वरून पूर्ण बंदर दिसतं, मुलीला तिथे तोतयाची गोष्ट सांगा. उन्हं चढायच्या आत खाली या. मग गावात टिळकांचं घर आणि पतितपावन, दोन्ही तासाभरात होतं. दुपारी जेवून झोपा, कोकणात दुपारी कुणी फिरत नाही, फक्त पर्यटक फिरतात. चारला समाधी, मग पॅलेस, तिथून थिबा पॉइंटवर सूर्यास्त. सोमवारी संग्रहालयं बंद असतात सहसा, तुमचा शनिवार आहे म्हणजे अडचण नाही, तरी फोन करून घ्या.

मुलीला मत्स्यालयसुद्धा दाखवा, सागरी संशोधन केंद्राचं, झाडगावला. देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, सहावीतल्या पोरीला थिब्यापेक्षा तोच लक्षात राहील.

---

राजिवडा_खलाशी

सुरमई आणायच्या आधी मला विचारा. पाहुणे बघून भाव लावतात.

---

वाचनालयातला_उंदीर

आणि सत्यशोधक व अंदमानवाले, तुम्हा दोघांना कीरांचं आंबेडकर आणि सावरकर दोन्ही चरित्रं वाचायला सुचवतो. अदलाबदल करून. नंतर नवा धागा काढा, या धाग्यात मासे चालू आहेत.